डिक्री मिळाली म्हणून ४९८अ संपत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ ऐरोलीत, वहिनी ठाण्यातल्या नौपाड्यात माहेरी. २०२३ च्या शेवटी वहिनीने तिकडेच एफआयआर केली. भाऊ, आई-वडील आणि नाशिकला दिलेली बहीण, चौघांवर भारतीय दंड संहितेची ४९८अ (विवाहितेचा छळ), ४०६ (विश्वासाने सोपवलेल्या वस्तूंचा अपहार), ३२३ (मारहाण), ५०४ (मुद्दाम अपमान), ५०६ (धमकी) आणि ३४ (समान हेतू) ही कलमं. चार्जशीट दाखल झाली, ठाण्यात तारखा पडतायत. आता दोघंही परस्पर संमतीने घटस्फोटाला तयार आहेत आणि कोणीतरी सांगितलंय की डिक्री (घटस्फोटाचा न्यायालयाचा हुकूम) झाली की पोलीस केस आपोआप निघते.

निघत नाही. घटस्फोट हा नवरा-बायकोमधला मामला. फौजदारी केस मात्र सरकार विरुद्ध आरोपी अशी चालते, वहिनी तिथे फक्त फिर्यादी. "माझी तक्रार नाही" असं लिहून दिल्याने ती बंद होत नाही. ३२३, ५०४, ५०६ मॅजिस्ट्रेटसमोर आपसात मिटवता येतात, ४०६ सुद्धा न्यायालयाच्या परवानगीने मिटतं; पण ४९८अ महाराष्ट्रात आपसात मिटत नाही. त्या एका कलमापायी सगळं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात क्वॉश (रद्द) करून घ्यावं लागतं. "साक्षीच्या वेळी ती फिरेल, निर्दोष सुटाल" हा सल्ला ऐकू नका. साक्षीची पाळी कधी येईल याचा नेम नाही, तोवर चौघांच्या नावावर केस राहते, आणि शपथेवर खोटं बोलण्याची जोखीम वहिनीने का घ्यावी?

"एकत्र राहत होतो ऐरोलीत, मग ठाण्यात गुन्हा कसा" या मुद्द्यावर वेळ घालवू नका. सासर सोडून बाई जिथे आसऱ्याला गेली तिथेही ४९८अ ची तक्रार चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय.

आता घटस्फोट. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब (परस्पर संमतीचा घटस्फोट) साठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं, ते तुमचं झालंय. अर्ज दाखल केल्यापासून सहा महिने थांबायचं असतं, पण दीड वर्षाहून जास्त काळ वेगळे राहत असाल, पोटगी, मुलाचा ताबा, स्त्रीधन सगळं ठरलं असेल आणि समेटाचे प्रयत्न करून झाले असतील तर हा काळ माफ करण्याचा अर्ज देता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाप्रमाणे तो पहिल्या अर्जानंतर आठवड्याने टाकता येतो. मंजूर करणं न्यायाधीशांच्या हातात. आणि डिक्री होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, हे भावाला नीट समजावून सांगा.

खरी मारामारी होते ती पैसे आणि केस यांच्या क्रमावरून. भावाला भीती की पैसे घेऊन वहिनी क्वॉशिंगच्या ॲफिडेव्हिटवर सही करणार नाही. वहिनीला भीती की केस निघाली की हप्ता बुडेल. दोघांचीही भीती रास्त आहे. म्हणून रक्कम तीन टप्प्यांत बांधा: एक हप्ता पहिल्या तारखेला, दुसरा डिक्रीच्या दिवशी, शेवटचा उच्च न्यायालयात क्वॉशिंगचा आदेश होईल त्या दिवशी. कन्सेन्ट टर्म्समध्ये (दोघांच्या लेखी समझोत्यात) एफआयआर क्रमांक, आर.सी.सी. क्रमांक (मॅजिस्ट्रेटकडचा केस नंबर) आणि चारही आरोपींची नावं लिहा. "सर्व केसेस मागे घेण्यात येतील" एवढं मोघम वाक्य पुढे कुणालाच बांधून ठेवत नाही. डीव्हीची (कौटुंबिक हिंसाचाराची) केस असेल तर ती मॅजिस्ट्रेटकडे, पोटगीचा अर्ज असेल तर तो जिथे चालू आहे तिथे वहिनीनेच मागे घ्यायचा. त्यांचे क्रमांकही टाका. आणखी एक: डीडीची (डिमांड ड्राफ्टची) मुदत तीनच महिने. पहिल्या तारखेलाच सगळे डीडी काढून वकिलाकडे ठेवणारे लोक ऐन डिक्रीच्या दिवशी बँकेत पळताना दिसतात.

मूल असेल तर आईने आपली पोटगी सोडली म्हणून मुलाचा हक्क सुटत नाही. त्याची रक्कम वेगळी लिहा.

क्वॉशिंगच्या अर्जात (आता बीएनएसएस, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, कलम ५२८) बहिणीला विसरू नका. नुसता नवरा आणि सासू-सासरे अर्जदार झाले तर केस नणंदेवर शिल्लक राहते आणि सगळा खटाटोप पुन्हा. चार्जशीट झालेली आहे, तेव्हा नुसती एफआयआर नव्हे तर ठाण्यातली पुढची कार्यवाहीही रद्द करण्याची मागणी असावी. वहिनीचं ॲफिडेव्हिट लागतं, आणि दबाव नाही याची खात्री करायला न्यायालय तिला समोर बोलावतं. ओळखपत्र बरोबर असू द्या. कधीकधी न्यायालय खर्च म्हणून एखाद्या संस्थेला रक्कम भरायला सांगतं, ती कोण भरणार हे आधीच ठरवा.

भावाच्या पासपोर्टचं नूतनीकरण होईल का, हेही विचारलंत. नुसती एफआयआर वेगळी आणि न्यायालयात उभी राहिलेली केस वेगळी. भावाची दुसऱ्या प्रकारात मोडते. केस जिथे आहे त्याच मॅजिस्ट्रेटकडे नूतनीकरणाच्या परवानगीचा अर्ज करा आणि किती वर्षांसाठी हवा ते आदेशात लिहून घ्या, कारण आदेशात मुदत नसेल तर साधारण एकाच वर्षाचा पासपोर्ट हातात पडतो. फॉर्ममध्ये केस लपवू नका, तो वेगळा गुन्हा आहे.

अटकेचा प्रश्न तुमच्याकडे आता राहिलेला नाही. पण ज्यांची एफआयआर ताजी आहे त्यांच्यासाठी: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर ४९८अ मध्ये सरसकट अटक करता येत नाही, आधी नोटीस येते. जुलै २०२४ पासून ती बीएनएसएस कलम ३५(३) ची. नुसत्या व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस धरली जात नाही. तरी ती आली म्हणून गप्प बसू नका, वकिलामार्फत लेखी कळवा आणि बोलावतील तेव्हा हजर राहा.

क्वॉशिंगचा आदेश झाला की प्रमाणित प्रत ठाण्याच्या न्यायालयात स्वतः जाऊन सादर करा, एक पोलीस ठाण्यात द्या. नाहीतर तिथल्या फाईलवर तारखा पडतच राहतात आणि गैरहजेरीचं वॉरंट निघतं. जामिनासाठी रोख भरली असेल तर ती परत मिळण्याचा अर्ज त्याच दिवशी टाका.