वाचक विचारतात: ५१ टक्के कोणाचे?

प्रश्न: ताई नमस्कार, कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीतून लिहितेय. आमचा बाराजणींचा बचत गट आहे, आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आमसुलं, कुळथाचं पीठ करून विकतो. आता वाडीतलाच एक भाऊ, तो मुंबईला असतो, म्हणतो होमस्टे काढू, जेवण तुमचं, माल तुमचा, रात्री पाहुण्यांना दशावतार दाखवू, पैसे मी घालतो, कंपनी करू, ५१ टक्के माझे ४९ तुमचे. निम्म्या बायकांना पटलंय. पण देवळातले मानकरी चिडलेत, "देवाचो खेळ इकूक काढलास काय" म्हणाले. काय करावं?

उत्तर: बाय, तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी त्या ५१ चं बोलते कारण बाकी सगळं त्याच्यावरच अडून आहे. प्रायव्हेट कंपनीत मत शेअरला असतं, माणसाला नसतं. म्हणजे ज्याचे ५१ त्याच्या मनाप्रमाणे रोजचं सगळं चालणार, खोलीचं भाडं किती, पाहुणे किती घ्यायचे, आगळ गटाकडूनच घ्यायची की बाजारातून स्वस्त आणायची, आणि तुम्ही बाराजणी एका बाजूला बसलात तरी काही फरक पडणार नाही. भाऊ चांगलाच असेल, मी त्याच्यावर शंका घेत नाहीये, पण उद्या त्याच्या जागी दुसरं कोणी आलं तर?

सहकारी संस्थेत असं नसतं. महाराष्ट्राचा सहकार कायदा १९६० चा आहे, त्यात एका सभासदाला एकच मत, कोणी लाख घालू दे नाहीतर कोणी पाचशे. लाभांश पण १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही, म्हणजे नुसता पैसा घालून बसणाऱ्याला सगळी मलई नेता येत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीतही कमीत कमी दहा उत्पादक लागतात आणि ते स्वतः एकेकटे सभासद असले तर तिथेही माणशी एकच मत. मला विचारशील तर आज घाईने काहीच नोंदवू नका. गट म्हणूनच दोन खोल्या, एक सिझन चालवून बघा, हिशोब लिहा, मग ठरवा. भावाला मदत करायचीच असेल तर ते पैसे तो गटाला कर्ज म्हणून देऊ दे, व्याज आणि मुदत लिहून कागद करा, मालकी नको. आणि बँक आहेच की, बचत गटांना बँकेशी जोडायचं काम नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेने १९९२ सालापासून चालवलंय, सहा-सहा महिने नीट बचत केलेल्या आणि वही चोख ठेवलेल्या गटाला बँकेत उभं करतात.

हिशोबाची वही हा माझा हळवा विषय आहे. मी स्वतः बारा वर्षं आमच्या गटाची वही लिहिली. गट मोडतात ते तोट्याने नाही, "पैसो खंय गेलो" या एका प्रश्नाने मोडतात, आणि तो प्रश्न समोर कोणी विचारत नाही, विहिरीवर विचारतात. म्हणून महिन्यातून एकदा वही मोठ्याने वाचायची, सगळ्यांसमोर, आलेले पैसे, गेलेले पैसे, कोणाची किती उधारी, सगळं. कंटाळा येतो, पोरं रडत असतात, तरी वाचायची.

आता मानकऱ्यांचं. मला वाटतं ते बरोबर बोलतायत, फक्त रागाने बोलतायत. जत्रेतला दशावतार रात्रभर चालतो, आधी आड दशावतार म्हणजे सुरुवातीचा विधीचा भाग, गणपती, सरस्वती, मग तो संकासुर राक्षस येऊन सगळ्यांना हसवतो, मग आख्यान, आणि उजाडता उजाडता दहिकाला. लिहिलेली संहिता नसते, कथा ठरते आणि नट उभ्या उभ्या संवाद रचतात, बायकांची कामं पुरुष करतात आणि त्या साडीतल्या नटाचं रडणं बघून आमच्या आज्या खरोखर डोळे पुसायच्या. हे पाहुण्यांच्या जेवणाआधी पाऊण तासात बसवायचं म्हटलं तर मोडणारच. पण याचा अर्थ पाहुण्यांना काहीच दाखवू नये असा नाही ना. जत्रेच्या तारखा आधी कळतात, त्या तारखांनाच पाहुणे बोलवा, त्यांना देवळाच्या आवारात सगळ्यांसारखं बसू द्या, थंडीत चहा-भजी तुमच्या गटाची. इथे पाहुणा गावाच्या वेळेला येतो. आणि एरवी एखादा तुकडा अंगणात करायचा तर तो आख्यानातला, देवळातले विधी देवळातच राहू देत, आणि बिदागी किती ते नाटक कंपनीने सांगायचं, तुम्ही किंवा भावाने नाही. शिवाय प्रत्येक खोलीच्या प्रत्येक रात्रीमागे काही रुपये वाटप व्हायच्या आधीच जत्रेच्या नावाने बाजूला काढा. मानकऱ्यांना बोलवून तेच ठरवू देत किती. आपल्याला विचारलं म्हटल्यावर अर्धा राग तिथेच उतरेल.

पिंगुळी तुमच्याच तालुक्यात आहे, एकदा सगळ्याजणी मिळून जाऊन या. ठाकर समाजाच्या चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगायच्या गोष्टी, आणि कळसूत्री बाहुल्या तिथे परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात म्युझियम करून जपल्या, २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता तोवर ही कला चालली, तो गेल्यावर बऱ्याच घरातल्या चित्रांच्या पोथ्या तशाच पडून राहिल्या. तिथे पाहुणा कलाकाराच्या घरी येतो, बाहुली धरणारे हात त्याच घरचे असतात आणि पैसे कोणाला जातात हे समोर दिसतं. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवनाची सफर करतात, वल्हं त्यांच्याच हातात, माहिती सांगणाऱ्याही त्याच. हे दोन्ही बघा आणि मग भावाबरोबर बोलायला बसा.

प्रश्न: दापोली तालुक्यात आमच्या किनाऱ्यावर पण कासवं येतात. वेळाससारखा महोत्सव करून गावात चार पैसे येतील का? आम्ही सहा-सात मुलं तयार आहोत.

उत्तर: येतील, पण पहिल्या वर्षी नाही. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ मध्ये काम सुरू केलं आणि कासव महोत्सव २००६ ला सुरू झाला, मधली वर्षं नुसती रात्री किनारा चालण्यात आणि माणसांना समजावण्यात गेली कारण तोपर्यंत घरटी उकरून अंडी नेली जायची. मग अंडी बाहेर न नेता कुंपणातल्या हॅचरीत ठेवली, दीडेक महिना-दोन महिन्यांनी पिल्लं निघाली, ती बघायला लोक आले, आणि लोक आले म्हणून घराघरातून जेवण-राहणं सुरू झालं. आधी कासव आणि मग पाहुणा, असा तो क्रम आहे रे. तुम्ही उलटा लावू नका.

एक गोष्ट मात्र नीट ऐक. ऑलिव्ह रिडले, म्हणजे ही आपल्याकडे येणारी कासवं, हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, चांगल्या हेतूने सुद्धा स्वतः अंडी हलवायला जाऊ नका, आधी वनविभागाकडे जा, ते किनाऱ्यावर कासवमित्र नेमतात. आणि पाहुण्यांना फोनवरच स्पष्ट सांगा की पिल्लं दिसतीलच असं नाही, दिसली नाहीत तर पैसे परत नाहीत. किनाऱ्यावर रात्री मोठे लाईट लावून डीजे करणारा महोत्सव असेल तर तो न केलेला बरा, पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटतात. पूर्वी अंडी काढणारे जे कोणी गावात असतील त्यांना पहिले बरोबर घ्या, घरटं वाळूत कुठे असतं ते त्यांच्याएवढं कोणाला कळतं?

प्रश्न: मी पुण्यात असते, माहेर राजापूर. गावच्या गटांकडून आगळ, आमसुलं मागवते. आमच्यासारख्यांनी आणखी काय करावं? आणि चांगलं आमसूल ओळखायचं कसं?

उत्तर: आमसूल म्हणजे रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची साल, त्याच्याच खारवलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवलेली. काळपट लाल, हाताला मऊ लागलं पाहिजे. वर मिठाचे खडे चमकत असले तर वजनासाठी मीठ जास्त मारलंय. आगळात साखर नसते, गोड लागली तर ते सरबत आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ ला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाचं भौगोलिक मानांकन, मिळालाय, पण बाटलीवर कोणत्या गटाने कधी केलं हे लिहिलेलं आहे का तेही बघत जा.

आणि काय करावं विचारलंस म्हणून सांगते. आम्ही एकदा शहरातल्या एका दुकानदाराला उधारीवर माल देत गेलो, "पुढच्या महिन्यात" करत करत दोन वर्षांचे पैसे बुडाले, आणि पुढच्या एप्रिलला रातांबे झाडावर लाल झालेले असताना आमच्याकडे मीठ आणि बरण्या घ्यायला पैसे नव्हते. फळ थांबत नाही ग, वर मेअखेरचा पाऊस कधी येऊन वाळवण भिजवेल सांगता येत नाही. त्यामुळे तुझ्या बिल्डिंगमधल्या पाच-सहा घरांची मिळून ऑर्डर मार्चमध्येच दे, भाव करू नकोस आणि अर्धे पैसे आधी जीपे कर, गटाच्या खात्यावर, कोणा एकीच्या नाही.