जँगोमध्ये सगळे रूट एकाच फाइलमध्ये ठेवावेत का?

जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये तुमची सात-आठ ॲप (साइटचे वेगवेगळे भाग) आहेत आणि सगळे रूट (कोणता पत्ता कुठल्या पानाकडे न्यायचा हे सांगणाऱ्या ओळी) एकाच फाइलमध्ये ठेवायचेत म्हणताय. नका ठेवू. प्रत्येक ॲपची यूआरएलची फाइल वेगळी करा, मुख्य फाइलमध्ये फक्त इन्क्लूड, म्हणजे त्या फाइली जोडणाऱ्या ओळी.

'एका फाइलमध्ये असलं की सगळं एका नजरेत दिसतं' हे वाक्य आमच्या एका सीनियरकडून ऐकून ऐकून माझे कान किटलेत. मराठी बातम्यांची साइट होती, बातमीचा पत्ता देवनागरीत हवा होता. स्लग कन्व्हर्टर (पत्त्याच्या तुकड्यात काय चालेल ते ठरवणारा नियम) फक्त रोमन अक्षरं, आकडे, हायफन आणि अंडरस्कोर घेतो, म्हणून साहेबांनी एसटीआर हा दुसरा कन्व्हर्टर लावला. इथवर ठीक. पण एसटीआर स्लॅश सोडून काहीही गिळतो, आणि ती ओळ आधी कसलाही प्रीफिक्स (पत्त्याच्या सुरुवातीचा ठरावीक शब्द) न लावता फाइलच्या मधोमध! जँगो वरून खाली बघत येतो, जुळणारी पहिली ओळ मिळाली की तिथेच थांबतो. नंतर एका इंटर्नने 'संपर्क' पान फाइलच्या तळाशी जोडलं. उघडलं की ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. जँगो बिचारा 'संपर्क' नावाची बातमी शोधत होता.

साहेबांचं निदान: कॅशे साफ करा. मग एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या नावाने शंख. डीबग चालू असला की ४०४च्या पानावर 'रेझ्ड बाय'पुढे व्ह्यूचं (पान तयार करणाऱ्या कोडचं) नाव येतं, तिथे बातमीचा व्ह्यू ढळढळीत दिसत होता. एका नजरेत दिसणाऱ्यांना तेवढंच दिसलं नाही. बातम्या 'बातमी/' या प्रीफिक्सखाली इन्क्लूड केल्या असत्या, तर हा घोळ झालाच नसता. मी ते आधी सुचवलं होतं, तर 'चालतंय ना, हात लावू नकोस' असं उत्तर मिळालं.

बाकी, प्रत्येक फाइलमध्ये ॲपनेम (ॲपचं नाव) द्या, नाहीतर दोन ॲपमधले 'डिटेल' नावाचे रूट एकमेकांच्या पायात येतात. टेम्प्लेटमध्ये (पानाच्या एचटीएमएल साच्यात) पत्ते हाताने लिहू नका, रूटच्या नावावरून पत्ता बनवणारा यूआरएल टॅग वापरा.

हां, पाच-सहा पानांची साइट असेल तर एक फाइल पुरते. आणि फाइली वेगळ्या केल्या म्हणून क्रमाची भानगड मिटत नाही, इन्क्लूडच्या आतही वरची ओळच जिंकते.

एवढं करूनही सगळी यादी एकत्र बघायची हौस असेल, तर जँगो-एक्स्टेन्शन्स हे जोड-पॅकेज टाका आणि 'शो यूआरएल्स' कमांड चालवा, अख्खी यादी टर्मिनलवर येते. साहेबांनाही हेच सांगितलं होतं.