पोहोचायची वेळ सांगू नकोस

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. मावशीकडे जाताना या खेपेला गाडी तू चालवणार, शेजारी बाबा आणि मागे आई-आजी बसणार, हे वाचून फार बरं वाटलं. पण शेवटी तू लिहिलंयस, ‘मावशीला सांगितलंय, एक वाजेपर्यंत पोहोचतो.’ त्या एका वाक्यापायी हे पत्र लिहायला बसलोय. आजच मावशीला फोन कर आणि ती वेळ मागे घे.

का, ते सांगतो. तुझ्याएवढा असताना मीही मामांना एकची वेळ दिली होती. वाटेत पाऊस लागला, पुढे एक ट्रक रस्त्यात आडवा बंद पडलेला, तिथे दीड तास गेला. माथ्यावर आलो तेव्हाच साडेबारा झाले होते आणि खाली मामांचं गाव दिसत होतं. मी तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवूनच उतरू लागलो. अर्ध्या घाटात जळका वास आला. मला वाटलं, पुढच्या गाडीचा असेल. मग पायाखालचा ब्रेक मऊ लागायला लागला आणि एका वळणाआधी पेडल पार तळाला गेलं. गाडी तशीच पुढे. आई मागे बसली होती. ती काही बोलली नाही, तिनं फक्त वरची दांडी धरली. आरशात मला तिची पांढरी पडलेली बोटं दिसली. दुसरा, मग पहिला गिअर टाकला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गेलो आणि डोंगराच्या बाजूला एक रुंद मोकळी जागा होती, तिथे गाडी थांबली. चाकांतून धूर येत होता. मामांकडे पोहोचायला अडीच वाजले. ते दारातच म्हणाले, ‘आलात? बसा.’ ज्या एक वाजण्यासाठी मी तसा उतरलो, ते कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

झालं काय होतं, ते नीट समजून घे. माणसं-सामानासह दीड टनाची गाडी हजार मीटर खाली येते तेव्हा तिच्यातून जेवढी ऊर्जा बाहेर पडते, तेवढ्यात चाळीसेक लिटर गार पाणी उकळेल. ती कुठेतरी जायलाच हवी. काही हवेच्या आणि चाकांच्या अडथळ्यात जाते. उरलेली तू इंजिनाला दिली नाहीस, तर ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. त्यात ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 प्रतीचं नवं ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळायला नको, पण ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा 155 अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. म्हणून दर दोनेक वर्षांनी ते बदलायचं असतं. तुमच्या गाडीचं कधी बदललंय, बाबांना विचार. आठवत नसेल तर निघायच्या आधी बदलूनच घ्या.

ज्या गिअरमध्ये चढ चढशील, त्याच गिअरमध्ये तो उतार उतरायचा. गाडी तरीही पळत असेल तर आणखी एक खालचा. गिअर उतार सुरू होण्याआधी पाड, गाडी पळायला लागल्यावर नव्हे. ब्रेक सतत घासत ठेवू नकोस. वेग वाढला की एकदा ठाम दाब, वेग उतरव, पाय काढ. न्यूट्रलमध्ये उतरलं तर पेट्रोल वाचतं, असं तुला कुणीतरी सांगेलच. इंजेक्शनच्या, म्हणजे इंधन मोजून फवारणाऱ्या गाड्यांत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंधन बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतं. आणि उतारावर इंजिन बंद करणं हा तर शुद्ध वेडेपणा आहे. दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंगही जड होतं.

वळणाच्या आधी वेग उतरव, वळणात नको. आंधळ्या वळणावर हॉर्न दे आणि आपली बाजू सोडू नकोस. अरुंद जागी समोरासमोर आलात तर चढणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्यानं बाजूला व्हायचं. वाहतुकीच्या 1968 च्या व्हिएन्ना करारातही हेच आहे, कारण भरल्या गाडीला चढावर थांबून पुन्हा उचलणं अवघड जातं. पण समोरचा चढणारा थांबण्याच्या जागेशी उभा असेल आणि तू नसशील, तर हक्क कुणाचा याचा विचार न करता त्याला थांबू दे आणि हात करून निघ. मागून कुणी घाई करत असेल तर रुंद जागा बघून त्याला पुढे जाऊ दे. धुक्यात दिवे डिपरवरच ठेव. अप्परचा उजेड धुक्यावर आपटून तुझ्याच डोळ्यांत येतो.

आजीला गाडी लागते, हे तू लिहिलंयस. कान सांगतो, ‘वळतोय’, आणि डोळे मांडीवरच्या पिशवीकडे असले तर ते सांगतात, ‘स्थिर आहोत’. त्या भांडणातून मळमळ होते. तेव्हा आजीला पुढे बसव, बाबा मागे बसतील. तिला लांब रस्त्याकडे बघायला सांग. पण सगळ्यात मोठा उपाय तुझ्या पायात आहे. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर इतका हळू दाब, की तिची मान हलता कामा नये. वळण येतंय हे तुला आधी कळतं, म्हणून तुला गाडी लागत नाही. तिलाही आधी सांगत जा, ‘आजी, आता डावीकडे.’ कानाला दडे बसले तर आवंढा गिळायला सांग.

मावशीचं घर 2600 मीटरवर आहे, म्हणून एक गोष्ट आणखी. 2500 मीटरच्या वर विरळ हवा बऱ्याच जणांना त्रास देते, आणि तो लगेच होत नाही, बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो. गाडी लागल्याची मळमळ खाली उतरून जरा बसलं की ओसरते. रात्री डोकं दुखायला लागलं, खावंसं वाटेना, झोप लागेना, तर ती प्रवासाची दगदग समजू नकोस. त्या दिवशी आजीला पायऱ्या चढवू नका, आणि दुखणं वाढलं तर खाली घेऊन जा. बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला किंवा ती असंबद्ध बोलू लागली, तर सकाळची वाट न बघता उतरा आणि डॉक्टर गाठा. निघायच्या आधी तिच्या डॉक्टरांना हे सगळं विचारून घेच.

आता वेळेचं. फोनवरच्या नकाशात दिसते ती वेळ तुझे थांबे धरत नाही. आजीला दर दीड तासानं उतरवून चालवायचंय, तुलाही पाय मोकळे करायचेत. डोंगरातलं अंतर ताशी तीस किलोमीटरनं मोज आणि त्यावर दोन तास धर. अंधार पडायच्या आत पोहोचणं जमत नसेल, तर खालच्याच गावात मुक्काम करा.

परतीचा धोका मोठा, कारण तिथे घाई प्रेमातून येते. सकाळी निघायचं ठरतं आणि ‘एवढ्यात काय निघता, अजून नीट बोललोही नाही’ करता करता दुपार होते. मग पहिला लांब उतार येतो तेव्हा ऊन कललेलं असतं आणि गाडीत सगळे पेंगत असतात. मावशीचा आग्रह मोडवणार नाही तुला, मलाही तो कधी मोडता आला नाही. त्यापेक्षा निरोपाचं सगळं आदल्या रात्रीच उरकून घ्या. रडणं, पिशव्या भरणं, दाराशी उभं राहून होणाऱ्या गप्पा, सगळं. त्यातूनही दुपार झालीच, तर एक दिवस राहा.

मावशीच्या दारातला रस्ता उताराचा असणार. गाडी लावताना तोंड खाली असेल तर रिव्हर्स गिअरमध्ये ठेव, वर असेल तर पहिल्यात. हँडब्रेक लाव, चाकाला दगड लाव, आणि मगच आजीचा दरवाजा उघड.

पोहोचलीस की कळव. रात्री असो की दुसऱ्या दिवशी.

तुझा,
काका