पान नंबर नेमका कुठे लिहायचा?

प्रश्न: एम.ए.चा प्रबंध गाईडनी परत पाठवलाय, संदर्भयादीत सगळीकडे लाल पेन. कुठे ‘पी.’ हवं, कुठे ‘पीपी.’, कुठे काहीच नको, काही कळत नाहीये. आम्हाला संदर्भ लिहिण्याच्या एपीए पद्धतीची सातवी आवृत्ती वापरायला सांगितलीय.

उत्तर: अहो, घाबरू नका, इथे भलेभले अडखळतात. एकच पान असेल तर ‘पी.’, जास्त असतील तर ‘पीपी.’, एवढं सोपं. घोळ पुढे आहे. जर्नलमधला लेख यादीत देताना ‘पीपी.’ लावायचंच नाही, खंड, कंसात अंक, स्वल्पविराम आणि थेट ४५–६२, पण संपादित पुस्तकातलं प्रकरण असेल तर मात्र कंसात ‘पीपी. ४५–६२’ असं लिहायचं, का तर तशी रीत आहे, दुसरं काय! अख्खं पुस्तक वापरलंत तर यादीत पान नंबर नकोच. मजकुरात शब्दशः उतारा घेतलात तर लेखक, वर्ष, पान तिन्ही हवेत. स्वतःच्या शब्दांत मांडलं तर पान सक्तीचं नाही, पण दिलंत तर तपासणाऱ्याचा जीव वाचतो.

आणि बहुतेकांची चूक होते ती पीडीएफमध्ये. स्क्रीनवर ३ दिसतं, पानावर छापलेलं असतं ४७. छापलेलाच आकडा घ्या. ईबुकला पानंच नसतील तर प्रकरण किंवा परिच्छेद क्रमांक चालतो, किंडलवर (ईबुक वाचायचं यंत्र) पानाऐवजी दिसणारा लोकेशन नंबर नको. मैत्रीण एमएलए ही दुसरी संदर्भपद्धत वापरत असेल तर तिची यादी बघून कॉपी करू नका हं, तिथे १४५-६२ असा आखूड आकडा चालतो, तुम्हाला १४५–१६२ पूर्ण लिहावा लागेल.