गो भाषेत जेनेरिक फंक्शनातून स्ट्रक्टचे फील्ड का वाचता येत नाही?

आपण पणजी–बेती फेरीबोट आणि कदंबची बस यांचे दिवसभराचे भाडे बेरजेस घेणारे एकच जेनेरिक (अनेक टाइपांवर चालणारे) फंक्शन लिहिले आहे. दोन्ही स्ट्रक्टमध्ये (अनेक फील्डे एकत्र ठेवणाऱ्या टाइपांत) भाड्याचे फील्ड एकाच नावाचे व एकाच टाइपचे आहे, कन्स्ट्रेंटमध्ये (कोणते टाइप चालतील हे सांगणाऱ्या अटीत) दोन्ही टाइप दिले आहेत, तरीही असे फील्डच नाही अशी त्रुटी कंपायलर देतो. फील्ड दोन्हीकडे असल्याने ते वाचता यायला हवे, हा आपला तर्क बरोबर आहे. ही कंपायलरचीच मर्यादा असून मार्च २०२२ मध्ये जेनेरिक्स आणणाऱ्या १.१८ या आवृत्तीच्या प्रकाशन-टिपणात ती स्पष्ट नोंदवलेली आहे.

सी प्लस प्लसमध्ये टेम्प्लेट प्रत्यक्ष टाइप घालून वापरले की मगच त्यातील अशी फील्डे तपासली जातात, त्यामुळे तेथे हेच चालून जाते. गोमध्ये मात्र फंक्शन कोणी वापरो वा न वापरो, त्याचा देह केवळ कन्स्ट्रेंटच्या आधारे तपासला जातो. कन्स्ट्रेंटमधील सर्व टाइप पाहून सामाईक फील्ड शोधणे अशक्य नाही, पण पुढे यंत्रसंकेत बनवताना अडचण येते: गोचा नेहमीचा कंपायलर सर्व पॉइंटर टाइपांना (मेमरीतील पत्ता धरणाऱ्या टाइपांना) एकच आकार मानून एकाच यंत्रसंकेतावर भागवतो आणि टाइपनुसार बदलणारी माहिती वेगळ्या कोशातून पुरवतो. भाडे एका स्ट्रक्टमध्ये आरंभीच असेल आणि दुसऱ्यात १६ बाइटांनंतर, तर ते अंतरही त्या कोशातून आणावे लागेल. जेनेरिक फंक्शनाच्या आत नवा टाइप घोषित करण्यावरही सुरुवातीला अशीच बंदी होती. ती फेब्रुवारी २०२३ मधील १.२० आवृत्तीत उठली.

माझ्या मते सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे दोन्ही स्ट्रक्टना भाडे परत करणारी मेथड देणे आणि ती कन्स्ट्रेंटमध्ये शब्दशः लिहिणे. दोन्ही टाइपांकडे मेथड आहे एवढ्यावर कंपायलर समाधान मानत नाही. मेथडचा रिसीव्हर (मेथड ज्यावर चालते ते मूल्य) पॉइंटर ठेवला, तर स्ट्रक्टची साधी स्लाइस (यादी) देताना कन्स्ट्रेंट पूर्ण होत नसल्याची नवी त्रुटी येईल. म्हणून येथे व्हॅल्यू रिसीव्हरच, म्हणजे पॉइंटरऐवजी खुद्द स्ट्रक्ट, घ्यावा. स्ट्रक्ट दुसऱ्या कोणाच्या पॅकेजमधील असतील, तर भाडे काढून देणारे छोटे फंक्शन आर्ग्युमेंट म्हणून पाठवावे.

फेरीबोटी आणि बसेस एकाच यादीत मिसळलेल्या असतील, तर मेथड लिहिल्यावर साधा इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात एवढेच सांगणारा टाइप) पुरतो, जेनेरिक्सची गरजच उरत नाही. याद्या वेगवेगळ्या असतील तेव्हा मात्र जेनेरिक फंक्शन ठेवावे, कारण फेरीबोटींची स्लाइस इंटरफेसच्या स्लाइसच्या जागी गो स्वीकारत नाही.