बोटीच्या परफॉर्मन्स इंजिनाला सॉलिड रोलर लिफ्टर घ्यावेत की हायड्रॉलिक?

लिफ्टर म्हणजे कॅमशाफ्टच्या फिरण्याने ढकलला जाऊन व्हॉल्व्ह उघडणारा भाग; रोलर लिफ्टरच्या टोकाला छोटं चाक असतं. इंजिन साधारण ६,००० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आतच फिरणार असेल तर हायड्रॉलिक रोलर घ्या, फार डोकं चालवू नका. त्याच्या आतला प्लंजर (छोटा दट्ट्या) ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्हची फट आपोआप भरून काढतो. सॉलिडमध्ये ती फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पुन्हा पुन्हा तपासावी लागते, आणि बोटीत इंजिनापाशी वाकून हे करणं म्हणजे कंबरेची परीक्षाच!

६,५०० च्या वर सतत पळवायचं असेल तर मात्र माझं मत सॉलिडला. तिथे हायड्रॉलिक लिफ्टर पंप-अप झाले (म्हणजे प्लंजर गरजेपेक्षा जास्त वर आला) की व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीत. पण सॉलिडला जास्त कडक स्प्रिंग लागतात, आणि आयडलवर (इंजिन नुसतं संथ चालू असताना) रोलरच्या नीडल बेअरिंगला तेल कमी पोचतं. धक्क्याजवळ बराच वेळ संथ चालवत असाल तर प्रेशर-फेड ऑइलिंगवालेच (बेअरिंगला दाबाने तेल पोचवणारे) घ्या.