डेव्हिल्ड एग्ज: अंडं सोलण्यापासून पॉटलकला नेईपर्यंत, तुमचे प्रश्न

मी नॉर्थ कॅरोलायनात राहते, छोटं केटरिंग करते, आणि इथे साऊथमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागात, ईस्टर असो, चर्चमधलं जेवण असो की कुणाकडे दुःखाच्या वेळी डबा न्यायचा असो, डेव्हिल्ड एग्ज (उकडलेली अंडी अर्धी कापून, बलक मसाला घालून मळून परत पांढऱ्यात भरलेली) टेबलावर असतातच आणि सगळ्यात आधी तेच संपतात. कित्येक घरांत त्याच्यासाठी अंड्याच्या आकाराचे खळगे असलेली वेगळी प्लेट असते, आजीकडून नातीकडे आलेली. मागच्या वेळी मी साधी रेसिपी दिली होती त्यावर बरेच प्रश्न आलेत. ती परत सांगते म्हणजे शोधाशोध नको: ६ उकडलेली अंडी, ३ मोठे चमचे मेयो, १ छोटा चमचा पिवळा मस्टर्ड, १ छोटा चमचा व्हिनेगर, पाव छोटा चमचा मीठ, मिरपूड, वरून पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड). बस.

डॅलसहून: ताई, सोलताना निम्मं पांढरं सालीबरोबर निघून येतं. पाण्यात मीठ, व्हिनेगर, सोडा सगळं घालून झालं. मुद्दाम फार्मवरून ताजी अंडी आणली तर आणखीनच वाईट.

ताजी आणलीत म्हणूनच वाईट झालं. कोंबडीनं अंडं घातलं की त्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ७.६ च्या आसपास असतो, मग कवचाच्या बारीक छिद्रांतून तो गॅस हळूहळू बाहेर जातो आणि पीएच चढत चढत ९ च्या घरात जातो. पीएच कमी असताना शिजवलं की पांढरं आतल्या पापुद्र्याला धरून बसतं, सोडतच नाही. त्यामुळे आम्लेटला ताजं अंडं आणि उकडायला आठ-दहा दिवस फ्रिजमध्ये राहिलेलं. अमेरिकेत ग्रेडचा शिक्का असलेल्या कार्टनवर तीन आकडी नंबर असतो तो पॅकिंगचा दिवस, ००१ म्हणजे १ जानेवारी आणि ३६५ म्हणजे ३१ डिसेंबर, तो बघून घ्यायची सवय लावा.

पण जुनं अंडं हा अर्धाच भाग झाला. तुम्ही गार पाण्यात अंडी ठेवून मग गॅस लावत असाल (आपल्याकडे सगळे तसंच करतात, माझी आईसुद्धा) तर अंडं हळूहळू तापतं आणि पांढऱ्याला पापुद्र्याला चिकटायला भरपूर वेळ मिळतो. अंडं एकदम गरममध्येच जायला हवं, म्हणजे पांढरं बाहेरून पटकन घट्ट होतं आणि चिकटत नाही. उकळत्या पाण्यात झाऱ्यानं अलगद सोडा, मग आच कमी करून पाणी नुसतं हलत राहील एवढीच ठेवा, फ्रिजमधल्या अमेरिकन लार्ज अंड्याला ११-१२ मिनिटं.

मी स्वतः पाण्यात उकडतच नाही. मी मोदकपात्र वापरते. खाली दोन बोटं पाणी, चांगली खळखळून वाफ आली की मगच वर अंडी ठेवायची, झाकण, १३ मिनिटं टायमर. अंडी एकमेकांवर आपटत नाहीत, तडकत नाहीत, आणि वाफ सगळीकडून एकदम लागते म्हणून सालं फार सुंदर निघतात. इडलीपात्रातही जमतं, साचे काढून नुसती जाळी ठेवा. भारतातली अंडी लहान असतात, पन्नास ग्रॅमच्या आसपास, आणि बऱ्याच घरी बाहेरच ठेवलेली असतात, त्यांना दोन मिनिटं कमी लागतात, पहिल्या वेळी एक अंडं जास्तीचं ठेवा आणि ते कापून बघा.

टायमर वाजला की लगेच बर्फाच्या पाण्यात, १५ मिनिटं तरी. नळाचं पाणी मे महिन्यात गार नसतंच, बर्फ हवाच. मग ओट्यावर हलकेच ठोकून सगळीकडून तडा द्या आणि रुंद टोकाकडून सुरुवात करा कारण हवेची पोकळी तिथे असते, पापुद्रा तिथे बोटात सापडतो, एकदा तो धरला की साल आपोआप येते. पाण्याखाली धरून सोला. सोड्यानं थोडा फरक पडतो पण त्याची काही गरज नाही.

कोल्हापूरहून: बलक एका बाजूला जातो आणि एक भिंत एवढी पातळ राहते की भरताना फाटते. आणि बलकाभोवती हिरवट कडा येते ती खायची का?

अंडं जुनं होतं तसं पांढरं पातळ होतं आणि बलकाला मधोमध धरून ठेवणारे जे दोन पांढरे पीळ असतात ते सैल पडतात, मग बलक वर तरंगतो. सोलायला जुनं हवं आणि बलक मध्ये राहायला ताजं हवं, अशी ओढाताण आहे खरी. उपाय सोपा आहे, आदल्या रात्री अंडी आडवी झोपवून ठेवा (पूर्ण खोकं रबरबँड लावून कुशीवर ठेवलं तरी चालतं). पाण्यात उकडत असाल तर पहिली दोन-तीन मिनिटं चमच्यानं हलकेच गोल फिरवत राहा.

हिरवी कडा म्हणजे पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन झालेलं आयर्न सल्फाइड. खायला काही धोका नाही, पण ते अंडं जास्त शिजलंय एवढं सांगतं, आणि त्याचा वास सारणात उतरतो. वेळ पाळली आणि लगेच बर्फात टाकलं की येत नाही.

पुण्याहून: इथे दुकानात बहुतेक मेयो एगलेसच मिळतं आणि गोड लागतं. ते चालेल का? घरी कच्च्या अंड्याचं करू का? आणि मस्टर्डऐवजी आपली फेसलेली मोहरी घातली तर?

एगलेस मेयोनं सारण होईल पण ते गोड आणि थोडं चिकट होतं, बलकाची चवच मागे पडते. त्यामुळे बाटलीवर अंडं असलेलं मेयो शोधा, मोठ्या दुकानांत मिळतं. इथे साऊथमधल्या बायका मेयोच्या ब्रँडवरून खरोखर हट्टाला पेटतात, १९१७ साली साऊथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलमध्ये युजिनिया ड्यूक या बाईंनी सैनिकांसाठी सँडविच करून विकायला सुरुवात केली, त्यातलं मेयो एवढं आवडलं की त्याच्याच बाटल्या निघाल्या, ते ड्यूक्स. त्यात साखर नाही, म्हणून मलाही तेच आवडतं. गोडसर आवडणारे लोक वेगळी स्वीट पिकल रेलिश (काकडीचं गोड लोणचं, बारीक चिरलेलं) घालतात, तीही साऊथचीच पद्धत.

कच्च्या अंड्याचं मेयो घरी करू नका असं मी स्पष्ट सांगेन, निदान पाहुण्यांसाठी तरी. साल्मोनेला या जंतूचा प्रश्न खरा आहे, केरळनं २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोवर बंदी घातली ती याच भीतीनं. मेयो नकोच असेल तर मऊ लोणी घ्या. बाटलीतलं मेयो घरोघरी पोचायच्या आधी लोक लोणी, व्हिनेगर आणि मोहरीनंच बलक मळायचे. ६ अंड्यांना २ मोठे चमचे मऊ लोणी, १ चमचा व्हिनेगर आणि एखाद चमचा दूध, आणि खायच्या अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा नाहीतर लोणी घट्ट राहतं. चक्का घालू का असं आणखी दोघींनी विचारलंय, अर्धं मेयो अर्धा चक्का छान लागतं, पण नुसत्या चक्क्याला थोड्या वेळानं पाणी सुटतं.

फेसलेल्या मोहरीचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. ती चालते, पण पिवळ्या मस्टर्डच्या मापानं नाही. बाटलीतल्या मस्टर्डमध्ये पांढरी मोहरी असते, सौम्य, आणि भरपूर व्हिनेगर. आपली काळी मोहरी पाण्यात फेसली की नाकात जाते आणि कडवटही होते. पाव छोटा चमचा घ्या, व्हिनेगर चमचाभर जास्त, चिमूटभर हळद रंगाला. आणि फेसल्यावर दहा मिनिटं थांबून चाखा, तिखटपणा तोवर चढत असतो.

नाशिकहून: सारणात गुठळ्या राहतात, काट्यानं कितीही दाबलं तरी. कोननं भरताना त्या अडकतात आणि फस्सकन बाहेर येतं.

पुरणयंत्र! किंवा पुरणाची चाळण, बारीक भोकांची. कोरडाच बलक, मेयो घालायच्या आधी, त्यातून काढा, पिठीसारखा मोकळा पडतो आणि मग मेयो घातलं की दोन मिनिटांत लोण्यासारखं होतं. गुठळ्या राहतात त्या आधी मेयो घालून मग दाबत बसल्यामुळे, ओल्या गुठळ्या निसटतात, फुटत नाहीत. घरात अंडं न चालणारं कुणी असेल किंवा नैवेद्याचं पुरण त्याच यंत्रातून होत असेल तर यासाठी साधी पिठाची चाळण वेगळी आणून ठेवा, शंभर-दोनशे रुपयांत कुणाचं मन दुखवायचं नाही.

मेयो एकदम ओतू नका. दोन चमचे घाला, मळा, मग तिसरा. पातळ झालं तर परत घट्ट करायला एक जास्तीचं उकडलेलं अंडं हाताशी हवं, म्हणून मी डझनामागे एक-दोन जास्तच उकडते, सोलताना फाटलेलंही त्यातच जातं. भरायला खास कोन लागत नाही, जाड झिपची पिशवी कोपऱ्यात कापली की झालं. किंवा चमच्यानं भरा, इथल्या जुन्या बायका चमच्यानंच भरतात आणि मला ते जास्त घरगुती वाटतं. अंडं कापायला सुरीपेक्षा ताणलेला दोरा बरा, बलक पांढऱ्यावर फासला जात नाही.

ठाण्याहून: नावात डेव्हिल का? आमच्याकडे घरात जरा कुरकुर झाली. आणि कोलकात्यात एग डेव्हिल खाल्लं होतं, ते तर तळलेलं होतं.

सैतानाशी काही संबंध नाही, घरच्यांना सांगा. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मोहरी, मिरी, लाल तिखट लावून झणझणीत केलेल्या कुठल्याही पदार्थाला डेव्हिल म्हणायला लागले, एवढंच. तुमच्यासारखीच कुरकुर इथे चर्चमध्येही होते, म्हणून काहीजण स्टफ्ड एग्ज, ड्रेस्ड एग्ज, अगदी एंजल एग्जसुद्धा म्हणतात. पदार्थ मात्र नावापेक्षा खूप जुना. प्राचीन रोममध्ये जेवणाची सुरुवात अंड्यानं व्हायची, आणि तेराव्या शतकातल्या अंदालुसियात, म्हणजे मुस्लिम स्पेनमध्ये, बलक काढून कोथिंबीर, कांद्याचा रस आणि मिरी घालून परत भरायचे आणि दोन अर्ध जोडून काडी टोचायचे. कोलकात्याचं डिमेर डेव्हिल हे त्याच इंग्रजी नावाचं पण वेगळं प्रकरण, उकडलेल्या अंड्याला खिमा किंवा बटाट्याचं आवरण आणि ब्रेडक्रम्स लावून तळतात.

मेलबर्नहून: मी हिरवी मिरची, कोथिंबीर, चाट मसाला आणि थोडा कांदा लसूण मसाला घालते. सगळ्यांना आवडतं. तुम्हाला चालेल का?

कोथिंबीर आता वर वाचलीतच, आठशे वर्षांपूर्वी घालत होते, मी कोण नको म्हणणार. मिरचीही अगदी बारीक चिरून घाला, नावाला शोभेल. पण कांदा लसूण मसाला आणि चाट मसाला यांच्याबद्दल मनापासून सांगते, ते घातलं की अंडं उरत नाही. त्या सारणाच्या जागी बटाटा घातला तरी तीच चव येईल. या पदार्थात बघण्यासारखं आहे ते बलकाचं लुसलुशीतपण आणि त्याच्यामागून हळूच येणारी मोहरी आणि आंबट, हे इतकं नाजूक आहे की मिठाचे चार कण जास्त झाले तरी कळतं. एकदा, फक्त एकदा, साधं करून बघा, चांगलं, जास्त न शिजलेलं अंडं घेऊन. मग तुम्हाला जे घालायचं ते घाला, तेव्हा किती घालायचं ते तुमच्या जिभेलाच कळेल. कांदाही कच्चा नको, रात्रभरात सगळ्या डब्याला वास लागतो.

वरून भुरभुरायला पॅप्रिका नसेल तर काश्मिरी किंवा बेडगीची पूड, पण पॅप्रिकापेक्षा दोन्ही तिखट, तेव्हा दोन बोटांत मावेल त्याच्याही निम्मी. आणि ती वाढायच्या वेळीच, आधी घातली की ओली होऊन डाग पडतात.

न्यू जर्सीहून: गणपतीनंतर ऑफिसचं पॉटलक (प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण) आहे, ४० अर्ध न्यायचेत, एक तासाचा ड्राइव्ह आहे. रात्री करून ठेवू का? आणि बाहेर किती वेळ टिकतात?

रात्री अंडी उकडा, सोला, कापा, पांढऱ्या वाट्या ओल्या पेपर टॉवेलखाली बंद डब्यात ठेवा, सारण झिपच्या पिशवीत भरून हवा काढून बंद करा, दोन्ही फ्रिजमध्ये. सकाळी बर्फाच्या कूलरमध्ये टाकून न्या आणि तिथे पोचल्यावर कोपरा कापून भरा, ४० अर्ध भरायला दहा मिनिटं पुरतात. मी सुरुवातीच्या दिवसांत भरलेली ट्रे गाडीतून नेली होती, एका वळणावर सगळी एका बाजूला घसरून एकमेकांवर चढली आणि यजमानांच्या सिंकपाशी उभं राहून मला प्रत्येक अर्ध पुसावं लागलं, तेव्हापासून भरलेली कधीच नेली नाहीत. भरूनच न्यायची असतील तर प्रत्येक अर्धाच्या तळाचा पातळ काप काढा, सपाट बसतात, आणि कागदी मफिन कपात एकेक ठेवा.

बाहेर दोन तास, त्यापुढे नाही. बाहेर ३२ अंशांच्या वर ऊन असेल, पार्कमध्ये वगैरे, तर एकच तास. हा इथल्या कृषी खात्याचा नियम आहे आणि मी तो कुणासाठीही मोडत नाही, उरलेली अंडी कितीही छान दिसत असली तरी टाकते, कारण पॉटलकला लहान मुलं असतात, गरोदर बायका असतात, म्हातारी माणसं असतात. एका मोठ्या परातीत बर्फ पसरून त्यावर प्लेट ठेवा, आणि सगळी ४० एकदम मांडू नका. वीस मांडा, वीस कूलरमध्ये राहू देत.